वाळूवरचा मुक्काम

फाल्गुन सरत आला, की सांगली आणि मिरज यांच्या मध्यावर वसलेल्या आमच्या विश्रामबागेत सकाळचे ऊन दहाच्या आत डोळ्यांवर येऊ लागते, विलिंग्डन महाविद्यालयाच्या विस्तीर्ण आवारातील जुने वृक्ष पानगळीतून सावरून तांबूस पालवी धरतात, आणि चार माणसे एकत्र जमली म्हणजे परीक्षा, यात्रा आणि उन्हाळा यांवाचून दुसरा विषय निघत नाही. याच दिवसांत, येथून अवघ्या दोन कोसांवर, हरिपुरास कृष्णा आणि वारणा जेथे एकमेकींस मिळतात तेथे, ओसरलेल्या पाण्याने उघड्या टाकलेल्या गाळाच्या पट्ट्यावर मुठीत मावतील एवढाले पक्षी पहाटेपासून तिन्हीसांजेपर्यंत अखंड धावपळ करीत असतात. परंतु संगमेश्वराच्या दर्शनास येणाऱ्या मंडळींपैकी क्वचितच कोणाची दृष्टी त्यांच्यावर स्थिरावते. याचा दोष मंडळींस देता येणार नाही. या पक्ष्यांच्या अंगी मोराचे वैभव नाही, कोकिळेचा कंठ नाही, आणि चिखलाचाच रंग त्यांनी पाठीवर धारण केलेला असल्यामुळे ते हलले नाहीत तर तेथे आहेत हेही कळत नाही.

तथापि त्या लहानशा देहांचा वृत्तांत एकदा जाणून घेतला, म्हणजे त्यांच्याकडे पाहण्याची दृष्टीच पालटते. ठिपकेवाली तुतारी उत्तर युरोप आणि सैबेरिया यांच्या दलदलीच्या अरण्यांतून आपल्याकडे येते. चिमणीहून फारसा मोठा नसलेला छोटा टिलवा त्याहूनही उत्तरेस, आर्क्टिक महासागराच्या काठच्या वृक्षहीन टुंड्रा प्रदेशात जन्मतो. आणि दोघेही आपला हिवाळा आपल्या नद्या-तळ्यांच्या चिखलात काढून वसंतात माघारी फिरतात. शरदात इकडे येताना त्यांस फारशी घाई नसते. परतीच्या वाटेवर मात्र काळ त्यांच्या पाठीस लागलेला असतो, कारण ध्रुवप्रदेशातील उन्हाळा जेमतेम दोन-अडीच महिन्यांचा, आणि तेवढ्या अवधीत जागा धरणे, जोडी जमवणे, अंडी उबवणे आणि पिले उडती करणे एवढा सगळा प्रपंच उरकावयाचा असतो. वाटेत ते जेथे उतरतात तेथे विश्रांतीपेक्षा भरणपोषणाचे काम अधिक चालते, आणि ते थोडक्या दिवसांत पुरे व्हावे लागते. वसंतातील या मुक्कामाची छायाचित्रे घेण्याचा मला गेली अनेक वर्षे छंद आहे. आणि या छंदाचा सारा विधिनिषेध, माझ्या मते, या एका गोष्टीतून निघतो, की पक्षी कामात आहे आणि त्याच्या कामाचा वेळ आपण खर्च करता कामा नये.

सांगली आणि सातारा या आपल्या दोन जिल्ह्यांत या पक्ष्यांची ठाणी थोडी नाहीत. सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यात मायणीचा तलाव आहे, त्याच तालुक्यात येरळा नदीवर येरळवाडीचे धरण आहे. पावसाळ्यात साठलेले पाणी उन्हाळ्याच्या तोंडी आकसू लागले, की काठाने रोज नव्या गाळाची एक ओली कड उघडी पडते, आणि त्या कडेवर शेकाटे, तुताऱ्या, टिलवे आणि कंठाशी काळी रेघ असलेला छोटा चिखल्या यांची पंगत बसते. येरळवाडीस रोहित पक्षी उतरले म्हणजे ती वार्ता वर्तमानपत्रांत छापून येते आणि हौशी लोकांच्या मोटारी तिकडे धावतात. रोहितांचे सौंदर्य मी नाकारीत नाही. परंतु त्यांच्या उंच पायांच्या आसपास चरणाऱ्या, त्यांच्याहून किती तरी लांबचा पल्ला गाठणाऱ्या या धाकट्या प्रवाशांकडे कोणी भिंग वळवीत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

परंतु या पक्ष्यांचा भरगच्च मेळा पाहावयाचा, तर घाट उतरून समुद्रावरच गेले पाहिजे. सांगलीहून कोल्हापूर, तेथून मलकापूर, आंबा घाट, साखरपे, पाली आणि हातखंबा असे सुमारे पावणेदोनशे किलोमीटर गेले, की रत्नागिरी येते; आणि शहर ओलांडून पावसकडे जाणाऱ्या पुलावरून काजळी नदीची खाडी पार केली, की भाट्याची पुळण लागते. एका बाजूस खाडीचे मुख, समोर अरबी समुद्र, पाठीमागे सुरूचे बन, आणि मधे लांबच लांब सपाट वाळू, असा तेथील देखावा आहे. नदीने आणलेला गाळ आणि समुद्राने आणलेली वाळू जेथे मिसळतात तेथे किडे, शिंपले आणि बारीक खेकडे यांची समृद्धी असते, आणि पक्षी आपला मुक्काम तेवढ्याकरिताच तेथे टाकतात. रायगड जिल्ह्यात अलिबागजवळचा आक्षीचा किनारा तर छायाचित्रकारांत विशेष प्रसिद्ध आहे. शके ९३४ मधील ज्या शिलालेखाची गणना मराठीच्या आद्य लेखांत होते तो याच आक्षीचा. आणि तेथून थोड्याच अंतरावरील किहीम येथे सालिम अली यांनी १९३० साली सुगरण पक्ष्याच्या संसाराचे जे निरीक्षण केले, त्याने भारतीय पक्षिशास्त्रास नवी दिशा मिळाली. तेव्हा हा किनारा दोन्ही अर्थांनी वाचनीय आहे.

वसंत हाच छायाचित्रणाचा ऋतू का, याचे एक उत्तर पक्ष्यांच्या पिसांत आहे. पौषात भाट्यास गेलात, तर वाळूवर धावणारा चिखल्या, ज्याला इंग्रजी पुस्तकांत सँड प्लोव्हर म्हणतात, वरून राखाडी आणि खालून पांढरा, असा निस्तेज दिसतो. चैत्रात त्याच पक्ष्याच्या छातीवर दाट केशरी-विटकरी पट्टा उमटतो, कपाळावर आणि डोळ्यांवरून काळी पट्टी चढते, आणि तो थेट लडाख-तिबेटच्या चार हजार मीटरांहून उंच पठाराकडे निघण्याच्या तयारीत असल्याचे त्याच्या अंगावरच लिहिलेले असते. बाकदार चोचीची कर्ल्यू सँडपायपर नावाची तुतारी मार्चच्या अखेरीस अर्धी पांढरी आणि अर्धी तांबडी असते, म्हणजे जुनी पिसे गळून नवी येत असतात, आणि एकाच थव्यातील दहा पक्षी दहा निरनिराळ्या अवस्थांत सापडतात. एप्रिलच्या मध्यापर्यंत त्यांतील पुष्कळांची छाती पक्क्या विटेच्या रंगाची झालेली असते. ज्याने या दोन्ही महिन्यांत एकाच जागी बसून चित्रे घेतली, त्याच्या संग्रहात एक आख्खे रूपांतर पायरीपायरीने साठते. पुढे हे पक्षी जेथे जातात तेथे आपल्यापैकी फारच थोड्यांस जाणे साधेल. त्यांचे विवाहसमयीचे वस्त्र आपणांस पाहावयास मिळते ते याच सहा-सात आठवड्यांत.

दुसरे उत्तर पिसांखाली आहे, आणि ते अधिक महत्त्वाचे आहे. लांबच्या उड्डाणास निघण्यापूर्वी हे पक्षी त्वचेखाली आणि पोटात चरबीचा साठा करतात. एक ग्रॅम चरबीतून मिळणारी शक्ती तेवढ्याच वजनाच्या पिष्टातून किंवा प्रथिनातून मिळणाऱ्या शक्तीच्या दुपटीहून अधिक असल्यामुळे वाटेवरची शिदोरी म्हणून तिच्याइतकी हलकी आणि सकस वस्तू दुसरी नाही. बार-टेल्ड गॉडविट हा पाणटिवळ्याच्या कुळातील पक्षी तर निघण्याआधी आपले जठर आणि आतडी आक्रसून घेतो, कारण उड्डाणात पचनाचे काम नसते आणि निरुपयोगी भार वाहणे त्यास परवडत नाही. २०२२ साली उपग्रहाशी जोडलेले यंत्र पाठीवर घेऊन या जातीचा एक पक्षी अलास्काहून निघाला आणि अकरा दिवस कोठेही न उतरता १३,५६० किलोमीटर उडून टास्मानियास पोहोचला. त्या वेळी त्याचे वय सुमारे पाच महिने होते. वेगळ्या मार्गाने येणारे त्याचे भाऊबंद आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही हिवाळा काढतात. असा पक्षी वाळूत चोच खुपसून उभा असताना त्याच्या प्रत्येक मिनिटाची किंमत काय असेल, याचा विचार कॅमेरा उचलणाऱ्याने अवश्य करावा.

या मुक्कामाचे महत्त्व जगास ज्या एका ठिकाणाने पटवून दिले, ते अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील डेलावेअर उपसागर होय. मे महिन्याच्या उधाणात हॉर्सशू क्रॅब नावाचे प्राचीन कुळातील जलचर लक्षावधींच्या संख्येने तेथील वाळूत अंडी घालण्यास येतात, आणि नेमक्या त्याच पंधरवड्यात दक्षिण अमेरिकेच्या टोकाहून निघालेले रेड नॉट पक्षी तेथे उतरतात. उतरताना ज्याचे वजन सव्वाशे ग्रॅमही भरत नाही, तो पक्षी ती अंडी खाऊन दोन-तीन आठवड्यांत १८० ग्रॅमांच्या पुढे जातो, आणि मग आर्क्टिककडे झेप घेतो. मासेमारीत आमिष म्हणून त्या जलचरांचा बेसुमार उपसा झाला, अंडी कमी पडली, आणि १९८० च्या दशकात नव्वद हजारांच्या घरात असलेली पक्ष्यांची गणना नव्या शतकाच्या पहिल्या दशकात पंधरा हजारांच्या आसपास येऊन ठेपली. न्यू जर्सी राज्याने २००८ साली तो उपसा कायद्याने बंद केला. शिवाय वसंतात सुमारे महिनाभर तेथील मोक्याच्या पुळणी माणसांस बंद असतात, आणि छायाचित्रकारांनी ठरवून दिलेल्या जागी उभे राहूनच चित्रे घ्यावयाची असतात. याच रेड नॉट पक्ष्यांत बी९५ नावाचा एक पक्षी होऊन गेला. १९९५ साली दक्षिण अमेरिकेच्या टोकास त्याच्या पायात कडे घातले गेले, आणि तो २०१४ पर्यंत पुनःपुन्हा दिसत राहिला. एवढ्या आयुष्यात त्याने केलेला प्रवास पृथ्वीपासून चंद्रापर्यंतच्या अंतराहून अधिक भरतो. त्याची ही कथा कळली ती त्याच्या पायावरील खुणेची अक्षरे दुर्बिणीतून आणि छायाचित्रांतून वाचणाऱ्या माणसांमुळे.

आपल्या किनाऱ्यावर असा बंदोबस्त नाही, आणि म्हणून जबाबदारी ज्याची त्याच्यावर येते. ती पार पाडण्याचे पहिले साधन म्हणजे पंचांग. कोकणातील कोळी आणि खारवी लोकांत पिढ्यान्‌पिढ्या एक हिशेब तोंडपाठ आहे: तिथीची पाऊणपट केली, की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा, द्वादशीस नऊ, आणि पौर्णिमा-अमावास्येस दुपारी व रात्री अकरा-बाराचा सुमार. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण, हिशेब तोच. भरती दर दिवशी सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे ढळत असल्यामुळे हे गणित स्थूलमानाने अचूक ठरते, आणि छापील कोष्टक हाताशी नसतानाही चालते. त्यावरून छायाचित्रकाराने आपला दिवस निवडावा. पौर्णिमेस सूर्योदयाच्या वेळी पूर्ण ओहोटी असते, पाणी फार लांब गेलेले असते, आणि पक्षी त्या लांबवरच्या कडेस विखुरलेले असतात. त्यांच्यामागे चालत जाणे म्हणजे त्यांस उठवणे. द्वादशी-त्रयोदशीस मात्र उजाडताना पाणी चढू लागलेले असते, ओली वाळू घडीघडीने अरुंद होत जाते, आणि चरणारे पक्षी लाटेच्या रेट्याने आपण होऊन वर, कोरड्या वाळूकडे, सरकत येतात. जो माणूस अंधारातच भरतीच्या रेषेजवळ येऊन पडून राहिला, त्याच्याकडे तासा-दीड तासात ते स्वतः चालत येतात, आणि त्याने एक पाऊलही पुढे टाकलेले नसते. या एका युक्तीत माझ्या दृष्टीने या छायाचित्रणाचे निम्मे शास्त्र आहे.

उरलेले बरेचसे प्रकाशात आहे. कोकणचा किनारा पश्चिमाभिमुख असल्यामुळे सकाळचा सूर्य बन आणि डोंगर यांच्या माथ्यावरून, म्हणजे समुद्राकडे पाहणाऱ्याच्या पाठीमागून येतो, आणि पक्ष्याच्या अंगावर समोरून, मऊ व सोनेरी पडतो. संध्याकाळी तोच सूर्य पाण्यावर असल्यामुळे पक्षी काळे आणि पाणी चमकते दिसते, त्यातून सुंदर आकृती मिळतात, पण पिसांचा तपशील मिळत नाही. सकाळच्या प्रकाशात एक अडचण आहे, जी पुस्तकांत सहसा सांगितलेली नसते: उभ्या माणसाची सावली तेव्हा पंधरा-वीस हात लांब होऊन समुद्राकडे, थेट पक्ष्यांच्या अंगावर जाते, आणि सावली हलली की थवा उठतो. पोटावर पडून राहिल्यास ही सावली नाहीशी होते, आणि भिंगही पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीवर येते. उभ्याने घेतलेल्या चित्रात पक्षी वाळूत चिकटवल्यासारखा दिसतो. जमिनीलगत घेतलेल्या चित्रात त्याच्यामागे लाटेचा फेस आणि आकाश यांची धूसर पट्टी येते, आणि त्या पट्टीपुढे तो आपल्या खऱ्या रुबाबात उभा राहतो.

साहित्याविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. चारशे ते सहाशे मिलिमीटरची लेन्स, खाली टेकवण्यास वाळूने भरलेली कापडी पिशवी, मिठाचे पाणी पुसण्यास मऊ फडके, एवढे पुरते. काही जण पसरट फ्राइंग पॅनच्या मध्यभागी भोक पाडून त्यावर कॅमेऱ्याचा माथा बसवतात, म्हणजे तो वाळूवरून बेमालूम सरकवता येतो. धावत्या पक्ष्यासाठी शटर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाएवढे असावे. ओल्या वाळूवर आकाशाचे तेज परावर्तित होत असल्यामुळे कॅमेऱ्यातील प्रकाशमापक फसतो आणि पक्षी काळवंडतो, म्हणून प्रकाश अर्ध्या ते एका स्टॉपने वाढवावा लागतो. मात्र ऊन प्रखर झाले, की पांढऱ्या पोटावरील बारकावे जळून जाऊ नयेत म्हणून तो पुन्हा उतरवावा लागतो.

साहित्यापेक्षा पक्ष्याच्या सवयींचे ज्ञान अधिक कामास येते. चिखल्या डोळ्यांनी शिकार करतो, आणि म्हणून त्याचे डोळे डोक्याच्या मानाने मोठे आणि टपोरे असतात: तो चार-सहा पावले भरधाव धावतो, एकदम थांबतो, वाकून चोच मारतो, आणि पुन्हा धावतो, छायाचित्र त्याच्या थांबण्याच्या क्षणी घ्यावयाचे असते. कधी कधी तो एक पाय पुढे करून ओल्या चिखलावर भराभर थरथरवतो, म्हणजे खालचा किडा हालचाल करतो आणि दिसतो. तुताऱ्या आणि टिलवे यांची रीत निराळी. त्यांच्या चोचीचे टोक स्पर्शाला अतिशय हळवे असल्यामुळे ते चालता चालताच शिवणयंत्राच्या सुईप्रमाणे वाळू टोचत जातात, आणि पक्षी पुढे गेल्यावर त्या जागी भोकांची सरळ ओळ राहते. सँडरलिंग हा फिकट, जवळजवळ पांढरा पक्षी परतणाऱ्या लाटेच्या मागे धावतो आणि येणाऱ्या लाटेपुढे पळतो. त्याच्या पायास मागचे बोट नसते, म्हणून ओल्या वाळूवर त्याचा ठसा तीनच बोटांचा उमटतो. टर्नस्टोन चोचीने खडे आणि समुद्रगवत उलथून टाकतो. ज्यास हे ठाऊक आहे, तो घटना घडण्यापूर्वीच भिंग योग्य जागी धरून असतो.

या विद्येतील माझे उत्तम गुरू मात्र कॅमेरा बाळगणारे नव्हते. ओहोटी लागली, की खाडीच्या मुखाशी बायका हातात कोयती आणि टोपली घेऊन मुळे आणि कालवे काढण्यास येतात. कमरेत वाकलेल्या, एकाच जागी बराच वेळ खणणाऱ्या, मधूनच दोन पावले आडवी सरकणाऱ्या त्या बायकांपासून दहा-पंधरा पावलांवर टिलवे आणि चिखल्या निर्धास्त चरत असतात. आणि त्याच वेळी पुळणीवरून सरळ चालत येणारा, थव्याकडे टक लावून पाहणारा सहलीचा माणूस शंभर पावलांवर असतानाच सगळा थवा शीळ घालून उठतो. प्रथम मला याचे नवल वाटे. पुढे पुष्कळदा पाहिल्यावर उमगले, की पक्ष्यास माणसाच्या असण्याचे भय नसते, त्याच्या रोखाचे असते: सरळ रेषेत येणे, उभी आकृती, आणि आपल्यावर खिळलेली नजर, ही ससाण्यापासून कोल्ह्यापर्यंत सर्व शिकाऱ्यांची लक्षणे. एकदा त्यांतील एका वृद्ध बाईने, मी थव्याच्या दिशेने उठून जात आहे असे पाहून, खणता खणताच मला थांबवले. “भाऊ, तिकडे जाऊ नका, बसा इथंच. पाणी चढलं की येतात ती आमच्याच अंगावर,” असे त्या म्हणाल्या, आणि खरोखरच, पाणी चढले तेव्हा त्यांच्या टोपलीच्या पलीकडे, माझ्या लेन्समध्ये पुरता मावू नये इतक्या जवळ, केशरी छातीचा एक चिखल्या उभा होता. तेव्हापासून मी शक्य तेथे त्या बायकांच्या कामाच्या जागेजवळ, त्यांची परवानगी घेऊन, बसतो.

पक्ष्यास न कळता त्याच्याजवळ असण्याची ही धडपड छायाचित्रणाइतकीच जुनी आहे. रानपक्ष्यांच्या पहिल्या काही यशस्वी चित्रांपैकी एक इंग्लंडमध्ये रेजिनाल्ड लॉज यांनी १८९५ साली घेतले, आणि ते अंड्यांवर बसलेल्या टिटवीच्या एका जातीचे, म्हणजे चिखल्याच्याच कुळातील पक्ष्याचे होते. त्याच सुमारास रिचर्ड आणि चेरी कीर्टन या यॉर्कशरच्या बंधूंनी बैलाचे कातडे सांगाड्यावर चढवून पोकळ बैल बनवला, आणि आत कॅमेऱ्यासह तासन्‌तास उभे राहून माळावरील पक्ष्यांची चित्रे घेतली. खिलार बैलांच्या आमच्या मुलखातील शेतकऱ्यास ही कल्पना सहज पटेल, कारण नांगरामागे बगळे कसे येतात हे तो रोज पाहतो. आपल्याकडे, दुसऱ्या महायुद्धात सिंगापूर सोडून आलेले छायाचित्रकार लोक वान थो यांनी सालिम अली यांच्या सहवासात भारतीय पक्ष्यांची जी चित्रे घेतली, त्यांत हाच धीर दिसतो. त्या काळी एका फेरीत छायाचित्राच्या मोजक्याच काचा खर्च करता येत. आज सेकंदाला वीस चित्रे निघतात, आणि त्यामुळे धीराची गरज संपली असा समज पसरला आहे, जो सर्वथा चुकीचा आहे.

या समजाचे फळ आपण किनाऱ्यावर पाहतो. उडत्या थव्याचे चित्र हवे म्हणून मुद्दाम धावत जाऊन, टाळ्या पिटून, अथवा ड्रोन सोडून पक्ष्यांस उठवणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांच्या या कृत्यास मी छायाचित्रण म्हणण्यास तयार नाही. ओहोटीचे चरण्याजोगे तास दिवसाकाठी मोजके. त्यांत मोकाट कुत्री, वाळूवर फिरवल्या जाणाऱ्या मोटारी आणि पर्यटकांची वर्दळ यांनी थवा वारंवार उठवला, म्हणजे चरण्याचा वेळ घटतो आणि जमवलेली चरबी उलट खर्च होते. पक्षी त्रासला आहे हे ओळखणे कठीण नाही. तो प्रथम चरणे थांबवतो, मग मान उंचावतो, अंग उभे करतो, डोके झटक्याने वरखाली करतो, आणि आपल्यापासून दूर चालू लागतो. यांतील पहिल्याच लक्षणास छायाचित्रकाराने जागच्या जागी थांबावे, आणि दुसरे दिसल्यास हळूहळू मागे सरकावे. भर भरतीच्या वेळी एका पायावर उभे राहून, चोच पाठीच्या पिसांत खुपसून झोपलेल्या थव्याच्या तर जवळपासही जाऊ नये. या सावधगिरीचे कारण आता अधिकच बळावले आहे: ऑक्टोबर २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने आपल्या लाल यादीत पाणकाठच्या सोळा स्थलांतरित जातींचा धोका वाढल्याचे नमूद केले, आणि त्यांत भाट्यास व आक्षीस नित्य दिसणारी बाकदार चोचीची तुतारी, करडा चिखल्या आणि टर्नस्टोन ही तिन्ही नावे आहेत. कोकणी माणसास हे सांगून पटत नाही असेही नाही. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून वेळास गावात समुद्री कासवांच्या घरट्यांच्या रक्षणाचे काम सुरू केले, ते गावकऱ्यांनी आपले मानले, आणि कासवांची पिले समुद्राकडे निघतात तो काळ व पक्ष्यांच्या मुक्कामाचा काळ बहुतांशी एकच आहे. त्याच पुळणींवर, त्याच हंगामात, पक्ष्यांच्या भरतीकाळच्या विश्रांतीस्थळाभोवती एक दोरी बांधणे ग्रामपंचायतींस अवघड नाही, असे मला आग्रहाने वाटते.

शेवटी घेतलेल्या चित्रांचे काय करावे, याविषयी. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ही १८८३ साली स्थापन झालेली संस्था पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्याचे काम दीर्घकाळ करीत आहे. १९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर अरण्यज्वर उद्भवला, त्याच्या विषाणूचे रशियातील एका ज्वराशी नाते आढळले, आणि तो स्थलांतरित पक्ष्यांबरोबर आला की काय अशी शंका निघाली. तेव्हा १९६० च्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने या कामास मोठा वेग आला. धातूच्या कड्यावर संस्थेस कळवावे अशा अर्थाचा मजकूर आणि क्रमांक असतो, परंतु तो वाचण्यास पक्षी हाती यावा लागतो. अलीकडे पाणकाठच्या पक्ष्यांच्या पायांवर रंगीत प्लॅस्टिकचे छोटे ध्वज बसवतात; रंगांचा क्रम पाहून कडे कोणत्या देशात घातले ते कळते, आणि ध्वजावरील अक्षरे वाचता आली तर तो पक्षी नेमका कोणता तेही कळते. म्हणून थव्याचे प्रत्येक चित्र घरी आल्यावर मोठे करून पायांकडे पाहावे. असा पक्षी आढळल्यास गावाचे नाव, दिनांक, वेळ, ध्वजांचे रंग वरून खाली कोणत्या क्रमाने आहेत, ते उजव्या पायावर की डाव्या, सांध्याच्या वर की खाली, आणि अक्षरे वाचता आल्यास ती, एवढा तपशील लिहून मूळ चित्र न कापता, न सजवता संस्थेकडे पाठवावे. चित्र धूसर असले, पक्षी पाठमोरा असला, अर्धा लाटेआड असला, तरी हरकत नाही. स्पर्धेस पाठवण्याच्या लायकीची नसलेली माझ्याकडील पुष्कळशी चित्रे मी याच कारणाने, तिथी आणि जागा टिपून, जपून ठेवलेली आहेत.